फादर थॉमस स्टीफन्स : तिशीनंतर शिकलेली भाषा

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विषय निघाला की ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव आपण आदराने घेतो. हे येशूसंघीय धर्मगुरू जन्माने इंग्रज होते. मग आपली भाषा त्यांना साधली कशी?

१५४९च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात त्यांचा जन्म झाला. १५७५ मध्ये ते रोम येथे येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ मध्ये गोव्यात आले. तेव्हा त्यांनी तिशी गाठली होती. पुढील सुमारे चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टी भागात सेवा केली.

लहान मूल भाषा ऐकता ऐकता उचलते. मोठ्या माणसाच्या मनात मात्र मातृभाषेची घडी आधीच बसलेली असते. शब्द पाठ होतात, पण वाक्य जुन्याच वळणाने बाहेर पडते. इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ क्रियापद येते. कोकणी-मराठीत ते शेवटी येते. म्हणून नवशिका ‘मी आणतो पाणी विहिरीतून’ असे बोलून जातो. साधे वाक्य हळूहळू सुधारते. ‘जो माणूस काल आला, त्याला मी ओळखतो’ अशी जोडवाक्ये जमायला अधिक काळ लागतो.

फादरांना लॅटिन येत होती. लॅटिनमध्येही क्रियापद पुष्कळदा शेवटी येते. इथल्या भाषांची रचना ग्रीक व लॅटिनसारखी आहे, असे त्यांनी १५८३ मध्येच आपल्या भावाला पत्रातून कळवले होते.

परंतु कामापुरते बोलणे पुरेसे नव्हते. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी ऐकायला काही नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी फादरांनी सुमारे ११,००० ओव्या रचल्या. १६१६ मध्ये राचोल येथे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले, तेव्हा ते सत्तरीकडे झुकले होते. ओवीत शब्द मागेपुढे करावे लागतात. कोणता शब्द हलवलेला चालतो, हे कान तयार झाल्यावाचून कळत नाही.

मागून येणाऱ्या धर्मगुरूंसाठी त्यांनी पोर्तुगीज भाषेत कोकणीचे व्याकरणही लिहिले. १६१९ मध्ये ते निवर्तले. व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले.

परप्रांतातून आलेले कुणी आपल्याशी मोडक्या मराठीत बोलले, क्रियापद भलत्याच जागी ठेवले, तर आपण हसू नये. त्यांचे वाक्य पूर्ण होऊ द्यावे. साष्टीतल्या लोकांनीही एका इंग्रजाचे बोलणे असेच ऐकून घेतले असेल.