भक्तकवि नामदेव

उमरठचें नांव निघालें कीं सुभेदार तानाजी मालुसरे यांचें स्मरण होतें. इ. स. १६७० सालीं कोंढाण्यावर त्यांनीं देह ठेवला. त्यांची समाधि या गांवीं आहे, आणि शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यानें त्यांची कीर्ति घरोघर नेली. जिवलग गेल्यावर मागें राहिलेल्या कवीनें काय करावें, हा प्रश्न त्यापूर्वीं पावणेचारशें वर्षें नामदेवांपुढें उभा राहिला होता. त्यांचेंच चरित्र आम्हीं येथें सांगत आहों.

नामदेवांचा जन्म इ. स. १२७० चा. वडील दामाशेटी, आई गोणाई. कुळाचा धंदा शिंप्याचा. मुलाचें सारें चित्त विठ्ठलापाशीं, त्यामुळें गोणाई व पत्नी राजाई संसाराच्या काळजीनें कष्टी होत. एकदां संतमेळ्यांत गोरोबा कुंभारांनीं थापटण्यानें प्रत्येकाचें डोकें तपासलें. नामदेव रागावले आणि कच्चें मडकें ठरले, अशी कथा आहे. तो अपमान गिळून ते विसोबा खेचरांस शरण गेले, व देव केवळ एका देवळांत नाहीं, हें शिकले.

पुढें ज्ञानेश्वरांसह त्यांनीं तीर्थयात्रा केली. इ. स. १२९६ मध्यें ज्ञानेश्वरांनीं आळंदीस समाधि घेतली. त्या वेळीं नामदेव सव्वीस वर्षांचे होते. आदि, तीर्थावळी व समाधि या प्रकरणांतून त्यांनीं मित्राचें चरित्र अभंगांत गाइलें. एकेक अभंग लहान व स्वतंत्र. परंतु ओळीनें वाचिले असतां अखंड कथा उभी राहते. त्या कथेंत विठ्ठल व निवृत्तिनाथ ज्ञानेश्वरांचे हात धरून त्यांस आसनापर्यंत नेतात. मरणाच्या दारापर्यंत देव भक्तासोबत चालतो, हा त्या प्रसंगाचा धर्मार्थ होय.

त्याच काळीं इटलींत दांते हा कवि होता. त्याचा जन्म १२६५ चा. त्याची प्रिय बिआत्रिचे १२९० सालीं वारली. तिच्यावरील कविता गद्यानें गुंफून त्यानें लोकभाषेंत ग्रंथ रचिला. दोघे एकमेकांस अज्ञात. तरी दोघांनींही वियोगाचें दुःख ईश्वराकडे जाणारी वाट केलें.

नामदेव पुढें उत्तरेस गेले. पंजाबांतील घुमान येथें त्यांचें स्थान आहे व शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत त्यांचीं ६१ पदें आहेत. परंपरेप्रमाणें १३५० सालीं त्यांनीं पंढरपुरास देह ठेवला. संतांची पायधूळ लागावी म्हणून महाद्वारीं पायरी होऊन राहिलेला हा कवि!

विद्यार्थिमित्रहो, घरांतील वडील माणूस गेलें तर रडण्यांत कमीपणा नाहीं. परंतु अश्रु सुकल्यावर त्याच्या गुणांची कथा धाकट्या भावंडांस सांगा. पालकांनींही ती ऐकवावी. नामदेवांनीं हेंच केलें, म्हणून सातशें वर्षांनंतरही ज्ञानेश्वरांची समाधिवेळ आमच्या डोळ्यांपुढें उभी राहते.