हडसन नदीतली छोटी जहाजं

बारावीनंतर काय करायचं यावरून घरात वाजणं ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठावर हाइड पार्क नावाचं गाव आहे. तिथल्या एका श्रीमंत घरातल्या मुलाला नौदलात जायचं होतं. अ‍ॅनापोलिसला नौदलाची अकादमी होती, तिथं नाव घालायचं आणि अधिकारी होऊन समुद्रावर जायचं, एवढं त्याचं साधं स्वप्न. वडिलांनी ते मोडीत काढलं. ते तेव्हा सत्तरीचे, मुलगा आईचा एकुलता एक. तो कायमचा बोटीवर गेला तर इस्टेट कोण बघणार? मुलगा मुकाट्यानं हार्वर्डला गेला, मग कोलंबियात कायदा शिकला. नाव फ्रँकलिन रूझवेल्ट, जन्म ३० जानेवारी १८८२. पुढे चार वेळा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेला एकमेव माणूस. इतिहासाच्या पुस्तकात महामंदी आणि दुसरं महायुद्ध या दोन धड्यांत तो भेटतो, पण त्याच्या छोट्या लाकडी जहाजांबद्दल तिथं काही नसतं.

समुद्राचं वेड त्याला आईकडून आलं. सारा डेलानोचे वडील चीनच्या व्यापारात गब्बर झालेले. चहाच्या, आणि स्पष्टच सांगायचं तर अफूच्याही. १८६२ मध्ये लहानगी सारा ‘सरप्राइज’ नावाच्या शिडाच्या जहाजातून चार महिने प्रवास करून हाँगकाँगला पोचली होती. ती गोष्ट फ्रँकलिननं किती वेळा ऐकली असेल देव जाणे. त्याच्या घरचे उन्हाळ्यात कॅनडाच्या हद्दीतल्या कॅम्पोबेलो बेटावर जायचे. तिथं वडिलांची ‘हाफ मून’ ही मोठी शिडाची बोट होती. सोळाव्या वर्षी त्याला स्वतःची एकवीस फुटी बोट मिळाली, तिचं नाव ‘न्यू मून’. आपल्याला त्या वयात स्कूटीची चावी मिळाली तरी आभाळ ठेंगणं होतं! हार्वर्डला असतानाच तो नौदलाविषयीची जुनी पुस्तकं आणि जहाजांची चित्रं जमवायला लागला. जे करिअर हुकलं, ते असं कपाटात गोळा होत गेलं.

१९१३ मध्ये नशिबानं मागच्या दारानं का होईना, नौदल दिलं. वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो नौदल खात्याचा सहायक सचिव झाला, तेव्हा इथून पुढे त्यांना अहो-जाहो करूया. हेच पद आधी थिओडोर रूझवेल्ट यांनी सांभाळलं होतं. ते त्यांचे दूरचे नातेवाईक आणि पत्नी एलेनॉर यांचे सख्खे काका. म्हणजे फ्रँकलिन यांच्यासमोर रस्ता आखलेलाच होता. १९२० मध्ये ते उपाध्यक्षपदाची निवडणूक लढले. हरले, पण नाव देशभर झालं.

आणि मग ऑगस्ट १९२१. कॅम्पोबेलोवर एका दिवशी ते खूप दमले, थंड पाण्यात पोहले, ओल्या कपड्यांतच टपाल वाचत बसले. दुसऱ्या दिवशी ताप. दोन-तीन दिवसांत पाय हलेनात. सुरुवातीच्या निदानात चूक झाली, पायांना मालिश करायला सांगितलं गेलं आणि एलेनॉर व लुई हाव रात्रंदिवस ते करत बसले. नंतर कळलं, पोलिओ. रुग्णाचं वय एकोणचाळीस.

या लुई हाव यांच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. बुटका, दम्यानं बेजार, चेहऱ्यावर व्रण असलेला हा जुना पत्रकार. फ्रँकलिन यांना राष्ट्राध्यक्ष करायचंच, असं त्यानं पोलिओच्या कितीतरी आधी ठरवलेलं होतं. आजारपणानंतरही त्यानं हा हट्ट सोडला नाही. याउलट आई सारा यांना वाटायचं, मुलानं आता हाइड पार्कच्या घरी यावं, शेतीवाडी बघावी, पुस्तकं, तिकिटं, जहाजांची चित्रं यांत रमावं. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बायको आणि हाव. मधे पलंगावर पडलेला माणूस. आईचं म्हणणं प्रेमाचंच होतं, पण त्यात छंद म्हणजे निवृत्ती होती.

छंद सुटला नाही. निवृत्ती मात्र त्यांनी घेतली नाही. बरं होण्याच्या त्या वर्षांत रूझवेल्ट आणि हाव या दोघांनी शिडाच्या छोट्या बोटी करायला घेतल्या. शोभेच्या नव्हेत, पाण्यात खरोखर चालणाऱ्या, हडसन नदीत शर्यत लावायच्या बोटी.

हे काम वाटतं तितकं पोरकट नाही. त्या काळी रिमोट नव्हता. बोट सोडली की संपलं, जे करायचं ते आधी करायचं. शीड किती ताणायचं, सुकाणू किती अंशात बांधायचं, तळाला वजन किती लावायचं. वजन कमी पडलं तर पहिल्याच झुळुकीत बोट आडवी. जास्त झालं तर ती पाण्यात जड बसते आणि रेंगाळते. शीड डोलकाठीवर जरा पुढे-मागे झालं तरी बोट वाऱ्याकडे तोंड करून गोल फिरत बसते. त्यात हडसन ही आणखी लबाड नदी. समुद्राची भरती-ओहोटी हाइड पार्कच्याही पुढे वरपर्यंत पोचते, त्यामुळे प्रवाह दिवसातून दिशा बदलतो. काल जिंकलेली बोट आज भलतीकडेच जाते. मग घरी येऊन पुन्हा तासणं, पुन्हा घासणं. या सगळ्यात पायांचं काम शून्य. लागतात ती बोटं, डोळे आणि प्रचंड चिकाटी.

बाकीचा दिवस वेगळा होता. कमरेपासून घोट्यापर्यंत पोलादी पट्ट्या, बगलेत कुबड्या. घरापासून हमरस्त्याच्या फाटकापर्यंतची वाट पाव मैलाची. तेवढं अंतर आपल्या पायांनी जायचं, असं त्यांनी मनाशी धरलं आणि रोज प्रयत्न केला. तिथवर ते कधीच पोचले नाहीत. त्यांनी पोलिओवर मात केली असं सर्रास लिहिलं जातं, ते खरं नाही. पाय गेले ते गेलेच. खांदे आणि दंड मात्र व्यायामानं पैलवानासारखे झाले.

अजून एक गैरसमज आधीच दूर करतो. रूझवेल्ट यांच्या संग्रहात दोनशेहून जास्त जहाजांची मॉडेल्स होती. ती सगळी त्यांनी स्वतः केली नव्हती. बरीच विकत घेतलेली, कितीतरी भेट आलेली. माझ्या मते त्यांचं खरं श्रेय वेगळं आहे. हे काम किती किचकट असतं हे हातानं केलेलं असल्यामुळे दुसऱ्याचं चांगलं काम त्यांना ओळखता यायचं.

त्यांच्या लाडक्या मॉडेल्सपैकी एक ‘कॉन्स्टिट्यूशन’चं. हे जहाज १७९७ मध्ये पाण्यात उतरलं. तीन डोलकाठ्या, लांबी सुमारे बासष्ट मीटर. आज कुणी याचं मॉडेल एकास शहाण्णव या प्रमाणात करायला घेतलं तर ते पासष्ट सेंटिमीटरचं होतं, म्हणजे हॉस्टेलच्या टेबलावर मावेल इतकं. पण वेळ? महिने जातात, कुणाची वर्षं. आधी कणा, मग फासळ्या, मग त्यावर एकेक पट्टी भिजवून, गरम करून, वाकवून चिकटवायची. लाकडाचं काम झालं की दोरकामाला हात घालायचा, आणि हौशी मंडळी बहुतेक इथंच हात टेकतात. डोलकाठ्यांना जागच्या जागी धरणारे दोर आधी, शिडं ओढायचे-सोडायचे दोर नंतर. पहिले काळपट, कारण खऱ्या जहाजावर त्यांना डांबर फासलेलं असे; दुसरे फिकट. खलाशांनी चढायच्या दोरशिडीची प्रत्येक पायरी म्हणजे चिमट्यानं मारलेली गाठ, आणि अशा शेकडो गाठी.

१९२९ मध्ये ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले, मार्च १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष. व्हाइट हाउसमधल्या खोल्यांत मॉडेल्स आली, भिंतींवर जहाजांची चित्रं लागली. हावही आला, आणि १९३६ मध्ये मरेपर्यंत सोबत राहिला.

पण मला सगळ्यात आवडतो तो जून १९३३. बँका बुडत होत्या, लाखो लोक बेकार होते. पहिल्या शंभर दिवसांत एकामागून एक कायदे करून संसदेचं अधिवेशन संपलं आणि हा माणूस मॅसॅच्युसेट्समधल्या मॅरियन इथून ‘अँबरजॅक’ या पंचेचाळीस फुटी शिडाच्या बोटीत बसून निघाला. सोबत मुलगा आणि मोजकी मंडळी, मागून युद्धनौका आणि पत्रकारांच्या बोटी. सुकाणू बऱ्याचदा त्यांच्याच हातात. किनारा खडकाळ, धुकं दाट. कुठं जात होते? कॅम्पोबेलोला. १९२१ मध्ये तिथून त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर काढलं होतं. त्यानंतर बारा वर्षांत त्यांनी तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. यावेळी समुद्राकडून आले, स्वतः बोट हाकत.

१९४० मध्ये त्यांनी खऱ्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ला पुन्हा नौदलाच्या सेवेतलं जहाज म्हणून दर्जा दिला. ते आजही बोस्टनमध्ये तरंगतं आहे. आपल्या कागदपत्रांसाठी त्यांनी हाइड पार्कलाच ग्रंथालय आणि संग्रहालय उभारलं. असं करणारे ते पहिलेच राष्ट्राध्यक्ष. ३० जून १९४१ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं आणि जहाजंही तिथं मांडली गेली. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्स इथं, चित्रकारासमोर पोर्ट्रेटसाठी बसलेले असताना ते कोसळले आणि गेले. त्यांना हाइड पार्कच्या गुलाबाच्या बागेत पुरलं आहे. तिथून काचेच्या पेटीतली जहाजं थोड्याच पावलांवर आहेत, आणि खाली उतारावर हडसन.