व्हित्तोरियो पोत्सो : दोन विश्वचषकांचे प्रशिक्षक

फुटबॉलच्या मैदानावर मी मधल्या फळीत खेळतो. म्हणूनच त्या जागेवरून पुढे प्रशिक्षक झालेल्या व्हित्तोरियो पोत्सो यांची ओळख मला करून द्यावीशी वाटते.

पोत्सो यांचा जन्म २ मार्च १८८६ रोजी इटलीतील तुरिन शहरात झाला. तरुणपणी ते इंग्लंडमध्ये राहिले. तिथे मँचेस्टर युनायटेडचा चार्ली रॉबर्ट्स मैदानाच्या मध्यातून दोन्ही बगलांना लांब पास देई. तो खेळ पोत्सो यांच्या मनात ठसला. मायदेशी ते तोरिनो क्लबकडून खेळले आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये इटलीच्या संघाचे प्रशिक्षक झाले.

पहिल्या महायुद्धात ते आल्पिनी या डोंगरी सैन्यदलात अधिकारी होते. १९३० साली हंगेरीविरुद्ध खेळायला बुडापेस्टला जाताना त्यांनी आपल्या खेळाडूंना वाटेत त्या युद्धाची रणभूमी दाखवली. इथे जवानांनी काय सोसले, हे कळल्यावर खेळातले कष्ट हलके वाटतील, हा त्यांचा हेतू. सामना इटलीने ५-० असा जिंकला. पुढे १९३४ चा विश्वचषक, १९३६ चे ऑलिंपिक सुवर्णपदक आणि १९३८ चा विश्वचषक त्यांच्या संघाने मिळवला. पुरुषांचे दोन विश्वचषक जिंकणारे ते एकमेव प्रशिक्षक आहेत.

या यशाला दुसरी बाजूही आहे. तो मुसोलिनीच्या हुकूमशाहीचा काळ होता. १९३८ मध्ये मार्सेय येथे प्रेक्षकांनी निषेधाच्या शिट्ट्या वाजवल्या, तरी पोत्सो यांनी संघाला फॅसिस्ट सलामी पुन्हा द्यायला लावली. शिस्त ही मोठी ताकद आहे. पण ती कोणाच्या कामी येते, हे गणवेश घालणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारले पाहिजे, असे मला वाटते.

४ मे १९४९ रोजी तुरिनजवळ सुपेर्गा टेकडीवर विमान कोसळून तोरिनोचा संघ मृत्युमुखी पडला. त्यातले अनेकजण पोत्सो यांच्या हाताखाली खेळलेले. त्यांचे मृतदेह ओळखण्याचे काम पोत्सो यांनीच केले. तेव्हा ते प्रशिक्षक नव्हते, कोणाचा हुकूमही पाळायचा नव्हता.

२१ डिसेंबर १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. मित्रांनो, त्यांचे चषक लक्षात ठेवाच. पण आपल्या माणसांना शेवटपर्यंत न सोडणारा तो सुपेर्गाचा पोत्सो मला अधिक मोठा वाटतो.