एका धडकेत खेळाडू गेला, तरी हेल्मेटच्या नियमाला 11 वर्षं लागली : बिल मास्टरटनची गोष्ट

13 जानेवारी 1968. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं ब्लूमिंग्टन शहर. मिनेसोटा नॉर्थ स्टार्स आणि ओकलंड सील्स यांच्यात आइस हॉकीचा सामना सुरू होता. पहिल्याच सत्रात नॉर्थ स्टार्सचा 29 वर्षांचा बिल मास्टरटन पक घेऊन वेगात पुढे आला. त्याने सहकाऱ्याला पास दिला आणि त्याच क्षणी समोरच्या संघाचे दोन खेळाडू त्याच्यावर आदळले. तो मागच्या मागे पडला, डोकं थेट बर्फावर आपटलं. डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

15 जानेवारीला पहाटे त्याचा मृत्यू झाला. मेंदूला इतकी सूज आली होती की डॉक्टरांना ऑपरेशनही करता आलं नाही. एनएचएल म्हणजे आइस हॉकीची जगातली सगळ्यात मोठी लीग. तिच्या सामन्यात झालेल्या दुखापतीमुळे थेट जीव गेलेला हा आजवरचा एकमेव खेळाडू.

पण हा गडी होता कोण?

मास्टरटनचा जन्म 1938 चा, कॅनडातल्या विनिपेगचा. शिकायला गेला अमेरिकेतल्या डेनव्हर विद्यापीठात. 1960 आणि 1961 अशी सलग दोन वर्षं त्याच्या संघाने राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा जिंकली आणि 1961 च्या स्पर्धेत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण तेव्हा एनएचएलमध्ये संघ होते फक्त 6. जागा मोजक्या, रांग लांबलचक. दोन वर्षं खालच्या लीगमध्ये घासल्यावर त्याने व्यावसायिक हॉकी सोडली, फायनान्समध्ये मास्टर्स केलं आणि मिनियापोलिसमध्ये हनीवेल कंपनीत नोकरी धरली. बायको, दोन मुलं, पगार. हौशी संघांकडून खेळणं तेवढं चालू होतं.

1967 मध्ये लीगने एका झटक्यात संघ 6 वरून 12 केले आणि मास्टरटनला दुसरी संधी मिळाली. नॉर्थ स्टार्सने करारबद्ध केलेला तो पहिला खेळाडू. 11 ऑक्टोबर 1967 ला संघाच्या इतिहासातला पहिला गोलही त्यानेच मारला. इतकी वर्षं वाट पाहून मिळालेली ही कारकीर्द 38 सामन्यांत संपली.

आता प्रश्न पडेल, पंच काय करत होते? तर आइस हॉकीत अंगावर धडक मारणं हा गुन्हा नाही, तो खेळाचाच भाग आहे. त्याला बॉडी चेक म्हणतात. मागून धडक मारली, खेळाडूला कडेच्या फळ्यांवर ढकललं किंवा लांबून धावत येऊन आदळलं, तर मात्र शिक्षा होते. नियमातली धडक आणि फाउल यांतला फरक पंचाला डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात ठरवावा लागतो. त्या काळी मैदानात एकच रेफरी आणि दोन लाइन्समन असायचे. मास्टरटनला बसलेली धडक जोरदार, पण नियमात बसणारी मानली गेली.

मग सगळा रोख वळला हेल्मेटकडे. त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच दिवशी टोरोंटोमध्ये ऑल-स्टार सामना होता आणि तिथे चर्चा हेल्मेटचीच होती. पण तेव्हा हेल्मेट घालणारा खेळाडू भित्रा समजला जायचा. लीगनेही सक्ती केली नाही, ज्याला घालायचं त्याने घालावं, एवढंच. त्याच वर्षी चिकाटी आणि खिलाडूवृत्तीसाठी त्याच्या नावाने ट्रॉफी मात्र सुरू झाली. (ट्रॉफी देणं सोपं असतं.) सक्ती आली 1979 मध्ये, तीही फक्त नव्याने करार करणाऱ्यांसाठी. जुन्या खेळाडूंना सूट होती. त्यामुळे हेल्मेटशिवाय खेळणारा शेवटचा खेळाडू, क्रेग मॅकटाविश, निवृत्त झाला थेट 1997 मध्ये.

2011 मध्ये टोरोंटो स्टार या वृत्तपत्राने हे प्रकरण पुन्हा खणून काढलं. त्यातून समोर आलं की मास्टरटनच्या डोक्याला त्याआधीच मार बसलेला असावा आणि उपचार न घेता तो खेळत राहिला असावा. म्हणजे त्या रात्री तो बर्फावर उतरायलाच नको होता. आज डोक्याला मार बसल्याचा संशय आला तरी खेळाडूला बाहेर काढतात. तेव्हा डोकं दुखतंय म्हणून बसून राहणं परवडणारं नव्हतं, त्यातही इतक्या उशिरा संधी मिळालेल्याला तर नाहीच.

त्याच वर्षाच्या अखेरीस, 30 डिसेंबर 2011 ला, पुन्हा मिनेसोटातच एक घटना घडली. यावेळी खेळाडू होता हायस्कूलचा 16 वर्षांचा मुलगा. मिनेसोटात शालेय हॉकी म्हणजे मोठं प्रस्थ, तिथली राज्य स्पर्धा 1945 पासून चालू आहे. सामन्यात त्याला मागून धडक बसली, तो फळ्यांवर आदळला आणि पाठीच्या कण्याला इजा होऊन अर्धांग झाला. हेल्मेट होतं, पण हेल्मेट मान वाचवत नाही.

यावेळी 11 वर्षं लागली नाहीत. दोन-तीन आठवड्यांतच, हंगाम चालू असतानाच, राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने नियम बदलला. मागून धडक, फळ्यांवर ढकलणं आणि डोक्याला धक्का, या तिन्ही गोष्टींसाठी थेट 5 मिनिटांची मेजर शिक्षा. आधी पंचाला वाटलं तर 2 मिनिटांवर भागायचं आणि समोरच्या संघाने गोल केला की बाहेर बसलेला खेळाडू लगेच परतायचा. मेजरमध्ये कितीही गोल होवोत, संघाला पूर्ण 5 मिनिटं एक खेळाडू कमी घेऊनच खेळावं लागतं.