राघोबादादांचा आखातप्रवास

करमाळा : एप्रिल १७५८ मध्ये लाहोर जिंकणाऱ्या रघुनाथराव पेशव्यांना महाराष्ट्र 'राघोभरारी' म्हणून ओळखतो. आयुष्य घोड्यावर गेलेल्या या सेनानीला सतरा वर्षांनी खंभातच्या आखाताच्या काठाशी जहाजाची वाट पाहावी लागली.

रघुनाथरावांचा जन्म १७३४ चा. थोरले बाजीराव आणि काशीबाई यांचे ते पुत्र. पुतण्या माधवरावांनी १७६८ मध्ये धोडप येथे त्यांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात कैदेत ठेवले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्याच वाड्यात नारायणरावांचा खून झाला. रघुनाथराव पेशवे झाले खरे. पण बारभाईंनी त्यांच्याविरुद्ध शस्त्र उपसले. मार्च १७७४ मध्ये आपल्या सोलापूर जिल्ह्यातील, पंढरपूरजवळच्या कासेगावी त्यांनी त्र्यंबकराव पेठे यांचा पाडाव केला. तो त्यांचा अखेरचा मोठा विजय म्हणावा लागेल. महिन्याभरातच पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि दादांच्या हक्काचा पायाच गेला.

गरोदर आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात ठेवून ते गुजरातेत उतरले. तेथे १० जानेवारी १७७५ रोजी पुत्र झाला. १७ फेब्रुवारीस महीकाठी हरिपंत फडक्यांनी अचानक गाठले, फौज फुटली आणि दादा मोजक्या स्वारांसह खंभातकडे पळाले. भयभीत नवाबाने वेशी लावून घेतल्या. सुरतेचा खुष्कीचा मार्ग तर शत्रूच्या टापेत होता.

येथे चार्ल्स मॅलेट या खंभातच्या इंग्रज वखारप्रमुखाने सूत्रे हाती घेतली. योजना साधी नव्हती. या आखातात भरती-ओहोटीच्या पाण्यात दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. ओहोटीला खंभातपुढचे पाणी दूर सरते आणि गलबते चिखलात बसतात. म्हणून आधी पश्चिम काठावरचे भावनगर गाठायचे, तेथे जहाजावर चढायचे आणि आखात तिरपे ओलांडून तापीच्या मुखाशी उतरायचे, असा बेत ठरला. सरळ रेषेत हे अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. फेब्रुवारीतला समुद्र पावसाळ्यासारखा खवळलेला नसतो, एवढीच काय ती अनुकूलता. २३ फेब्रुवारीस दादा सुरतेत पोहोचले.

जहाज परक्याचे, बेतही परक्याचा. मराठ्यांचे उरलेसुरले आरमार पुणेकरांकडे होते. आणि तुळाजी आंग्रे यांचे बलाढ्य आरमार १७५६ मध्ये विजयदुर्गावर भस्मसात झाले, तेव्हा पेशवेच इंग्रजांच्या बाजूला उभे होते! (हाच मॅलेट पुढे पुणे दरबारी रेसिडेंट झाला.)

प्रवासाचे भाडे मार्चमध्ये कळले. सुरतेच्या तहाने दादांनी साष्टी आणि वसई देऊ केली. त्याच महिन्यात कर्नल कीटिंगच्या पलटणींसह ते समुद्रमार्गे पुन्हा खंभातला आले. मे महिन्यात अडासची लढाई झाली. पेशवाई मात्र मिळाली नाही. नोव्हेंबर १७७६ मध्ये तारापूरहून पुन्हा इंग्रजी जहाजाने मुंबई, १७७९ मध्ये वडगावची नामुष्की आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक. ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगावी त्यांचा अंत झाला.

धारला जन्मलेले ते मूल म्हणजे दुसरे बाजीराव. होळकरांच्या धाकाने पुण्यातून निघून डिसेंबर १८०२ मध्ये तेही कोकणकिनाऱ्यावरून इंग्रजी जहाजानेच वसईला गेले. तेथे ३१ डिसेंबरला तह झाला.