एक्सप्लेनर : पत्र्यावरचा थर टिकला तरच चित्र! सिनेमाआधी दादासाहेब फाळके काय करायचे?

त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या दादासाहेब फाळकेंचा सिनेमाआधीचा व्यवसाय होता ब्लॉक बनवणे आणि छपाई.

थर का महत्त्वाचा?
हाफटोन ब्लॉकसाठी जस्त किंवा तांब्याच्या पत्र्यावर प्रकाशसंवेदी थर देत. उजेड पडलेला भाग कडक होऊन चिकटे, उरलेला धुतला जाई. मग पत्रा आम्लात. थर सुटला तर आम्ल खाली शिरून चित्र बिघडे. आज थरावर ब्लेडने चौकटी पाडून, टेप ओढून पकड मोजतात. तेव्हा आम्लच परीक्षा घेई.

पुढे काय झाले?
तीनरंगी छपाईसाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीला गेले. नंतर भागीदारांशी मतभेद होऊन छापखाना सुटला. चाळिशीत सगळे नव्याने मांडून त्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले.