शिशाच्या शिपायांचा सेनापती

अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचे अहमदनगर, हे रणगाड्यांचे शहर आहे. भारतीय सेनेच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र १९४८ पासून येथे आहे आणि १९९४ साली येथे रणगाड्यांचे संग्रहालयही उभे राहिले. पहिल्या महायुद्धाच्या काळातील रोल्स-रॉइस चिलखती मोटारीपासून पाकिस्तानकडून हस्तगत केलेल्या पॅटन रणगाड्यांपर्यंतची ही पोलादी धुडे पाहण्यासाठी शाळाशाळांच्या सहली येतात. मुले रणगाड्यांभोवती रमतात आणि परतताना शिक्षकांच्या मनात एक जुनाच प्रश्न घोळतो. युद्धाच्या साधनांचे हे आकर्षण वाढू द्यावे की आवरावे? मुलांच्या हाती खेळण्यातल्या तोफा द्याव्यात की नाही? या प्रश्नाचा विचार करताना एका इंग्रज लेखकाचे चरित्र मोठे उद्बोधक ठरते. रणगाडे रणांगणावर अवतरण्याच्या तेरा वर्षे आधी त्याने ते कथेत रंगविले होते. माणसाला चंद्रावर नेणारे यान त्याने कल्पिले होते. आणि दिवाणखान्याच्या जमिनीवर शिशाच्या शिपायांनी लढावयाच्या युद्धांना त्यानेच नियमांची शिस्त लावली होती. हा लेखक म्हणजे हर्बर्ट जॉर्ज वेल्स.

वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी केंट परगण्यातील ब्रॉम्ली येथे झाला. वडील जोसेफ हे पूर्वी माळीकाम करीत. पुढे त्यांनी चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान थाटले, पण त्यांचा खरा जीव क्रिकेटमध्ये. १८६२ साली ससेक्सविरुद्ध त्यांनी लागोपाठ चार चेंडूंवर चार गडी बाद केले होते. दुकानाने मात्र कुटुंबाला कधी पोटभर दिले नाही. आई सारा बड्या घरांतून परिचारिकेचे काम केलेली होती आणि पुढे तिला पुन्हा एका जमीनदाराच्या वाड्यात घरव्यवस्था पाहण्याची नोकरी धरावी लागली. सातआठ वर्षांचा असताना वेल्सचा पाय मोडला आणि त्याला अंथरुणास खिळून राहावे लागले. त्या सक्तीच्या विश्रांतीत हाती आलेली पुस्तके वाचून वाचनाचे जे वेड लागले ते आयुष्यभर सुटले नाही.

परंतु वेड पोट भरीत नाही. चौदाव्या वर्षी आईने त्याला कापडदुकानात उमेदवारीस ठेवले. दिवसभर ताग्यांच्या घड्या घालावयाच्या, गिऱ्हाइकापुढे वाकावयाचे आणि रात्री इतर उमेदवारांबरोबर एका खोलीत झोपावयाचे, या जिण्याचा त्याला विलक्षण उबग आला. १८८३ साली त्याने ती उमेदवारी सोडली आणि मिडहर्स्टच्या शाळेत विद्यार्थी-शिक्षकाची जागा मिळविली. पुढच्याच वर्षी शिष्यवृत्तीच्या बळावर तो लंडनच्या विज्ञान विद्यालयात दाखल झाला. तेथे त्याला टी. एच. हक्सले यांच्यासारखा गुरू लाभला. मनुष्यप्राणी हा सृष्टीचा लाडका पुत्र नसून उत्क्रांतीच्या ओघात क्षणभर वर आलेला एक जीव आहे, ही जाणीव त्याला हक्सलेंच्या वर्गात झाली, आणि पुढच्या साऱ्या लेखनाखाली ती वाहत राहिली. पदवी मात्र त्या वेळी हुकली. ती त्याने नोकरी सांभाळून १८९० मध्ये लंडन विद्यापीठातून मिळविली. मध्यंतरी शाळामास्तरकी, फुटबॉल खेळताना झालेली मूत्रपिंडाची दुखापत, छातीचा विकार, रक्ताच्या गुळण्या असे सारे भोग भोगून झाले. १८९३ साली प्रकृतीमुळे शिकविणे सोडावे लागले आणि लेखणी हेच उपजीविकेचे साधन उरले.

त्यानंतरची सातआठ वर्षे एखाद्या लेखकाच्या आयुष्यात क्वचितच येतात. १८९५ मध्ये कालयंत्राची कादंबरी, १८९६ मध्ये डॉक्टर मोरोच्या बेटाची, १८९७ मध्ये अदृश्य मनुष्याची, १८९८ मध्ये मंगळवासीयांच्या स्वारीची आणि १९०१ मध्ये चंद्रावर गेलेल्या पहिल्या माणसांची. या कादंबऱ्यांतील यंत्रे वाचकांच्या लक्षात राहिली. त्यांतील बोच मात्र पुष्कळदा निसटली. मंगळावरून आलेले आक्रमक इंग्लंडची जी दशा करतात ती युरोपीयांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची केली होती, हे त्या कादंबरीच्या आरंभीच सुचविलेले आहे. चंद्रावरील कथेत कॅव्हर नावाचा शास्त्रज्ञ गुरुत्वाकर्षणास दाद न देणाऱ्या द्रव्याचा गोल तयार करून चंद्र गाठतो आणि तेथील अधिपतीला पृथ्वीवरील युद्धांचे साग्रसंगीत वर्णन ऐकवितो. ते ऐकून तो अधिपती थक्क होतो आणि नंतर कॅव्हरचे संदेश कायमचे थांबतात. अंतराळयानाची कल्पना लढविणारा हा लेखक त्या यानातून माणसाचे युद्धवेडही बरोबर जाणार, हे विसरला नव्हता.

डिसेंबर १९०३ मध्ये 'स्ट्रँड' मासिकात त्याची भूमीवरील लोहनौकांची कथा प्रसिद्ध झाली. खंदकांच्या ओळीत अडून बसलेल्या सैन्यावर अवाढव्य चिलखती यंत्रे चाल करून येतात आणि शूर घोडेस्वारांचा काही इलाज चालत नाही, असे तिचे कथानक होते. ती यंत्रे चालविणारी माणसे रणवीर नव्हेत, कचेरीत काम करावे तशा थंडपणाने माणसे टिपणारी शहरी मंडळी आहेत, हा तपशील यंत्रांपेक्षाही अधिक दूरदर्शी होता. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर ब्रिटिशांनी पहिले रणगाडे सोडले, तेव्हा ती कथा जुनी झालेली होती.

या दोन तारखांच्या मध्ये वेल्सच्या आयुष्यातील ते प्रकरण येते, ज्याकडे चरित्रकार पुष्कळदा गंमत म्हणून पाहतात. १९०१ आणि १९०३ साली त्याला दोन पुत्र झाले. मुलांबरोबर जमिनीवर बसून लाकडी ठोकळ्यांची शहरे, बेटे आणि बंदरे रचण्याचा त्याला छंद जडला आणि १९११ साली त्याने जमिनीवरच्या खेळांविषयी एक छोटे पुस्तक लिहिले. त्या काळी 'ब्रिटन' नावाच्या कंपनीचे पोकळ शिशाचे शिपाई घरोघरी जमविले जात. या कंपनीने १८९३ साली पोकळ ओतकामाची युक्ती साधल्यामुळे शिपाई स्वस्त आणि हलके झाले होते. त्यांच्या जोडीला कमानीच्या जोरावर इंचभर लाकडी गोळी नेमकी फेकणारी छोटी तोफ मिळे. एकदा जेवणानंतर एका पाहुण्याने सहज त्या तोफेचा नेम धरला आणि त्यातून स्पर्धा सुरू झाली. हा पाहुणा म्हणजे विनोदी लेखक जेरोम के. जेरोम, असे मानले जाते. स्पर्धेतून नियम निघाले आणि नियमांतून १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक निघाले.

त्या नियमांत मोठी गंमत आहे आणि त्याहून मोठा विचार आहे. पुस्तकांचे आणि ठोकळ्यांचे डोंगर, घरे, झाडी अशी भूमी तयार करावयाची. मध्ये पडदा ओढून दोन्ही पक्षांनी आपापले सैन्य गुपचूप मांडावयाचे. एका खेपेस पायदळाने एक फूट सरकावे, घोडदळाने दोन फूट. प्रत्येक चालीला घड्याळ लावलेले; तीस शिपायांना एक मिनिट आणि प्रत्येक तोफेला आणखी एक. तोफेजवळ सहा इंचांच्या आत आपले चार शिपाई नसतील तर ती मुकी. आरंभी हातघाईचा निकाल नाणे उडवून लावला जाई. पण दैवाची ही लहर खेळाला मारक ठरते, हे पाहून ती प्रथा सोडून देण्यात आली. सारख्या संख्येच्या दोन तुकड्या भिडल्या तर दोन्हींकडील माणसे एकास एक मरतात, असा कोरडा हिशेब ठरला. या शेवटच्या नियमात साऱ्या युद्धशास्त्राचे सार आहे. केवळ आवेशाने केलेला हल्ला दोघांनाही खाली नेतो आणि पटावर फक्त आडवे पडलेले शिपाई उरतात.

सैनिकी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असा खेळ नवा नव्हता. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातच नकाशावरील युद्धाभ्यास रूढ केला होता. परंतु तो खेळ खरे युद्ध अधिक चांगले लढता यावे म्हणून होता. वेल्सचा हेतू नेमका उलटा. त्याच्या पुस्तकाच्या अखेरीस खेळगडी एकाएकी गंभीर होतो. जो तीनचार वेळा हा खेळ खेळेल त्याला खरे महायुद्ध म्हणजे केवढी घोडचूक आहे हे उमजेल, अशी त्याची श्रद्धा होती. जमिनीवरच्या या लुटुपुटीच्या लढाईत सेनापतींची अक्कल इतक्या वेळा चुकते, तर लक्षावधी माणसांच्या बाबतीत ती न चुकण्याची हमी कोण देणार? ज्यांना युद्धाची खुमखुमी आहे अशा राजांना आणि सेनापतींना एका खोलीत शिशाचे शिपाई देऊन कोंडावे आणि जगाने निर्धास्तपणे आपल्या कामाला लागावे, असा त्याचा उपरोधिक उपाय होता.

एका वर्षाच्या आत युरोप पेटला. आणि येथेच या चरित्रातील खरी शोकान्त विसंगती आहे. युद्धाला घोडचूक म्हणणारा वेल्स १९१४ च्या ऑगस्टमध्ये त्याच युद्धाचा हिरिरीचा समर्थक झाला. जर्मन लष्करशाही मोडली की युद्धांचा कायमचा शेवट होईल, असे त्याने लिहिले. त्याच्या त्या लेखसंग्रहाचे नावच घोषवाक्य होऊन बसले. शिशाच्या शिपायांनी शिकविलेला धडा स्वतः गुरूजीच पहिल्या परीक्षेत विसरले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका कादंबरीत त्याने अणुबाँबही रंगविला होता. ती कादंबरी भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी १९३२ साली वाचली आणि पुढच्याच वर्षी त्यांना अणुकेंद्रकीय साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. कल्पना एकदा लेखणीतून सुटली की ती कोणाच्या हाती जाईल हे लेखक ठरवू शकत नाही.

तथापि वेल्सच्या पदरी एक गोष्ट घातलीच पाहिजे. चूक उमगल्यावर तो घरात रुसून बसला नाही. राष्ट्राराष्ट्रांच्या वेगळाल्या इतिहासांतून द्वेष पोसला जातो, म्हणून त्याने साऱ्या मानवजातीचा एकच इतिहास लिहावयास घेतला. तो १९२० साली ग्रंथरूपाने पूर्ण झाला. तुरुंगातून १९३० ते १९३३ या काळात कन्येला जगाचा इतिहास समजावून देताना पंडित नेहरूंना या ग्रंथाचा उपयोग झाला. पुढे १९४४ साली नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध असताना 'भारताचा शोध' लिहीत होते, तेव्हा वृद्ध वेल्स लंडनवर कोसळणाऱ्या बाँबवर्षावात आपले घर न सोडता राहिला होता. १९४० च्या सुमारास त्याने माणसाच्या मूलभूत हक्कांची सनद तयार करण्याच्या चळवळीत पुढाकार घेतला. संयुक्त राष्ट्रसंघाने १९४८ मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, त्याच्या पूर्वपीठिकेत या चळवळीचे नाव घेतले जाते. तो दिवस मात्र त्याला पाहता आला नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमावर त्याच्या कल्पनेतील अस्त्र प्रत्यक्ष पडले, आणि १३ ऑगस्ट १९४६ रोजी त्याने देह ठेवला. त्याच्या अखेरच्या पुस्तकात मानवाच्या भवितव्याविषयीची निराशा काठोकाठ भरलेली आहे.

त्याचा खेळ मात्र मेला नाही. शिशाचे शिपाई जाऊन जहाजे आली आणि जहाजांमागून अंतराळयाने. १९७९ साली अमेरिकेत 'स्टार फ्लीट बॅटल्स', १९९१ साली ब्रिटनमध्ये 'फुल थ्रस्ट' आणि २०१२ साली 'एक्स-विंग' असे टेबलावर खेळावयाचे खेळ निघाले. बोटभर लांबीची याने जमवावी, कित्येकदा स्वतः रंगवावी, काळ्या कापडाचे आकाश अंथरावे आणि मोजपट्टीने अंतर मोजीत ती सरकवावी, असा हा छंद आहे. 'फुल थ्रस्ट'मध्ये दोन्ही पक्ष आपले हुकूम आधी कागदावर लिहितात आणि मग सर्व याने एकाच वेळी चालतात. लिहिलेला हुकूम मागे घेता येत नाही. एकाच लेखकाच्या दोन कल्पना, चंद्राकडे जाणारे यान आणि पटावरचे नियमबद्ध युद्ध, अशा रीतीने त्याच्या मागे एकमेकींना भेटल्या.

महाराष्ट्राला ही वृत्ती परकी नाही. दिवाळीत आपली मुले मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात आणि मातीचे मावळे पहाऱ्यावर उभे करतात. तेथे बुरूज कोठे हवा, पाण्याचे टाके कोठे हवे, वाट किती अरुंद ठेवावी याचा खल चालतो. मुलाच्या हाती बंदूक देऊन धडाड्‌धूम करावयास सांगणे निराळे आणि त्याला किल्ला, मोजमाप व माणसांचा हिशेब देणे निराळे. पहिल्यात आवेश वाढतो, दुसऱ्यात विचार. पटावर पडलेल्या शिपायांची मोजदाद करावी लागते आणि ज्याला मोजावे लागते तो सहजासहजी युद्धाची आरोळी ठोकीत नाही.

पण केवळ खेळाने माणूस शहाणा होईल अशा भ्रमात राहण्याचेही कारण नाही. खुद्द वेल्सचे १९१४ हे वर्ष त्याला साक्षी आहे. पटावर शिकलेला संयम, वर्तमानपत्रांचे मथळे आणि रस्त्यावरचा जयघोष कानी पडू लागला की टिकत नाही. तो टिकावयाचा तर खेळाच्या जोडीला कोणीतरी समजावून सांगणारा हवा. रणगाड्यांच्या संग्रहालयात मुलांना नेणाऱ्या शिक्षकाने रणगाड्याचे वजन, वेग आणि तोफेचा पल्ला जरूर सांगावा. त्याच्या आत किती माणसे बसत आणि तो पेटला म्हणजे त्यांचे काय होई, हेही सांगावे. एवढे सांगितले तर मुलाचे कुतूहल मरणार नाही आणि त्याची माणुसकीही शाबूत राहील.